लॅपटॉपवरच्या प्रोफेसरांचा सत्कार

अहमदपूर

ती. नागुअक्कास, धाकट्या आनंदराजचा जय भीम. गुडघा काय म्हणतो? इकडं मी ठणठणीत हाय. पोरगी माझ्याशी बोलत न्हाई, ते पुढं येतंच. फोनवर तू मोक्याला ‘आवाज येत न्हाई’ म्हणतीस, म्हणून लिहून राहिलो.

तर आपली विशाखा. कॉम्प्युटरची पीएच.डी. करायला परदेशी निघालेली आपल्या खानदानातली पहिली पोरगी (पोरगाबी न्हाई, हे उमरीत सगळ्यांना सांग). प्रवेश मिळाला, पण फी ऐकून मी खुर्चीत बसलो ते बसलोच. कर्ज काढायला ती तयार न्हाई. तिथं म्हणे प्रोफेसरच्या हाताखाली वर्ग घेतले, पोरांचे पेपर तपासले, की विद्यापीठ फी माफ करतं आणि वर महिन्याचा पगार देतं. शिकणाऱ्यालाच पगार! (मी जन्मभर एसटीत कंट्रोलर होतो, गाडीत बसायचे पैसे कुणाला दिलेले पाहिले न्हाईत.) फक्त प्रोफेसरनं मुलाखतीत पसंत करायला पाहिजे, न्हाईतर जाणं रद्द.

ती मुलाखत परवा संध्याकाळी लॅपटॉपवर झाली. खोलीत पाऊल टाकायचं न्हाई, अशी मला ताकीद होती. पण अक्का, एवढा मोठा माणूस घरात आलेला, मग काचेतून का येईना, त्याला सत्काराशिवाय कसं लावून द्यायचं? आपल्याकडं तलाठ्याची बदली झाली तरी शाल देतात. शेजारच्या व्यंकटरावांच्या हातात हार देऊन मी आत शिरलो, चार शब्द बोललो (स्टँडवरच्या माईकची सवय, जरा लांबलं) आणि शाल पांघरली. पांघरायला लॅपटॉपच होता. तिकडं प्रोफेसरांना अंधार झाला, इकडं व्यंकटरावांनी टाळ्या वाजवल्या.

विशाखानं शाल बाजूला केली आणि इंग्रजीत सावकाश बोलली. तुझी भावजय सिंधु दाराआड होती, तिनं नंतर सांगितलं, की सत्कार काय असतो, का करतात, हे पोरीनं असं समजावलं की तो माणूस हसू थांबवून ऐकत बसला. ती शरमली न्हाई, की माझ्याबद्दल माफी मागितली न्हाई. ‘माय फादर’ एवढं मलाबी कळलं. छाती अशी भरून आली, की मला बाहेर ढकललं तेबी लवकर ध्यानात आलं न्हाई.

सगळ्यांना जय भीम.
तुझा, आनंदराज

ता.क. निकाल यायचाय. पोरगी तोंड फिरवून बसली हाय. तू येऊन समजूत काढ, तुझं ती ऐकती.

आणखी ता.क. पाकीट चिकटवायच्या आत मेल आला. मिळालं! ‘पप्पा, फी माफ झाली,’ म्हणत पळत येऊन गळ्यातच पडली. म्हणजे भांडण मिटलं. तरीबी तू येच. गावभर पेढे वाटून आलो आणि आता न्हाणीत जाऊन रडून राहिलो. तिनं पाहिलं तर ती जायची न्हाई. तू असलीस म्हणजे सांगता येईल, अक्का आली म्हणून डोळे भरले.