पांगाऱ्याची यारी

पाथर्डी,
फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप राधाकृष्णदादांस,

धाकट्या चुलतभावाचा साष्टांग नमस्कार. वहिनींचे गुडघे आणि राजूरची आपली लाकडाची वखार, दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे पाणी सोडून सर्व क्षेम.

पाण्यासाठीच गावची विहीर आणखी खोल करायची ठरली. माणसं खाली सोडायला आणि दगड वर ओढायला यारी हवी, म्हणून गोरक्ष सुतार बाभूळ तोडायला निघाला. या दुष्काळात शेळ्या त्याच बाभळीच्या शेंगांवर जगत आहेत. मला राहवलं नाही. बांधावर पडलेला पांगारा वापरा, असं मी पारावरून सांगितलं. गोरक्ष म्हणाला, "आण्णा, पांगारा लेकरांच्या खेळन्याला. मानूस टांगायचं लाकूड न्हाई ते." इथंच मी थांबायला हवं होतं, पण समोर माणसं बसली होती. (चार माणसं बसलेली दिसली की माझं काय होतं, हे आपण जाणता.) सागाला वाड्याचं दार मिळतं, शिसवीला सावकाराची खुर्ची, कीड लागत नाही म्हणून कडुनिंबाला कपड्यांची पेटी, मग पांगाऱ्यानंच काय पाप केलं? तासाभरात गोरक्षाचे डोळे भरून आले. जन्म लाकडात गेलेल्या माणसाला मी लाकडाबद्दल पटवलं, दादा. इतका पुरा विजय मलाही नको होता.

यारी तयार आहे. काल आडव्या लाकडावर सहज नख दाबलं, तर चंद्रकोर उमटली. सोमवारी टोपल्यात बसून पहिला उतरणार तो हिचा भाऊ सहादेव. तेव्हापासून मला घास गिळवत नाही. गोरक्षाला आडून सुचवलं, तर तो माझंच भाषण मला ऐकवू लागला (काही वाक्यं माझ्यापेक्षा बरी म्हणतो). ही म्हणते, "चुकलं म्हना की चौघांत. जीभ झडती का?" घरात म्हणून पाहिलं. त्या शब्दामागून 'परंतु' येतो आणि मग अर्धा तास जातो.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
भिमाजी

ता. क. रविवारी पारावर सभा ठेवली आहे. आपण यावं आणि वखारवाल्याच्या अधिकारानं मला सर्वांसमक्ष हरवावं. येताना सागाची एक भक्कम तुळई आणावी.

पुन्हा ता. क. मात्र तयारीनं यावं. 'पांगारा मऊ असतो' एवढंच म्हणालात, तर त्याचं उत्तर मला आज सकाळी सुचलं आहे. चांगलं आहे.