हिरवा बिल्ला

ता. ११, मंगळवार
दुपारी, ऑफिसातूनच

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तू मागत नाहीस, म्हणून न मागताच देते आहे. तब्येत बरी असेल आणि जेवण वेळेवर होत असेल असं समजते, म्हणजे दोन्ही होत नसणार. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती "बराय" म्हणते, पण ते ती सगळ्यालाच म्हणते. तिच्या नव्या गोळ्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. खालच्या जुन्या टाकून दे, नाहीतर वाया जायला नकोत म्हणून ती आधी त्याच संपवील.

इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. तुझे भावजी रोज सकाळी डॉक्टरसारखं तोंड करून त्याच्याकडे बघतात, "पाना आणायला हवा" म्हणतात आणि पेपर घेऊन बसतात. तुझी भाची परीक्षा संपल्यापासून मामा कधी येणार म्हणून भुणभुण करते आहे. मामाला सुट्टी नाही, असं मी सांगितलंय.

फोन असताना ताईला हे पत्राचं काय खूळ, असं म्हणशील. अरे, फोनवर तू मला हसवतोस. मी मुद्द्यावर आले की तू माझीच नक्कल करतोस, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की बोलायचं ते राहूनच गेलं. शिवाय हल्ली तू फोन उचलतच नाहीस.

आमच्याकडची फाइल कुठवर आली, असं तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. तुमच्या कंपनीला शहरातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या पहाऱ्याचं कंत्राट मिळायचं आहे. ते मिळालं की तू सुपरवायझर होणार, खुर्चीवर बसायला मिळणार, रात्रपाळी सुटणार. आणि ते देण्याआधी, या कंपनीच्या माणसांनी कुठे कुणावर हात उचललाय का, कुणाला छळलंय का, हे तपासून अहवाल द्यायचं काम नेमकं तुझ्या बहिणीकडे आलं. फाइल आली त्याच दिवशी मी साहेबांना सांगितलं होतं की माझा सख्खा भाऊ तिथे नोकरीला आहे. साहेब म्हणाले, "मालक आहे का? गेटवर उभा राहतो ना? मग असू द्या." तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता वाटतं, साहेबांना माझ्यापेक्षा जास्त बरं वाटलं असावं.

फाइल तर धुतलेल्या तांदळासारखी निघाली. तक्रारी होत्या, नाही असं नाही. कुणाला ढकललं, कुणाच्या कानाखाली वाजवली, एका म्हातारीला उन्हात बसवून ठेवलं. पण प्रत्येक तक्रारीला कंपनीचं उत्तर एकच: "सदर सुरक्षारक्षक आमच्या सेवेत नाही." माणूसच नाही म्हटल्यावर पोलिसांनीही हात वर केलेले. माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "फार शिस्तीची कंपनी दिसते. चुकला की लगेच घरी पाठवतात." मलाही क्षणभर तसंच वाटलं. मनात आलं, बरं झालं, माझा भाऊ चांगल्या ठिकाणी आहे.

पण आमच्याकडे एक पद्धत आहे. कागद कितीही चांगले असोत, ती कंपनी जिथे पहारा देते अशा एका जागी प्रत्यक्ष जाऊन यायचं. मी तुझ्याच दवाखान्यात गेले. तुझी साप्ताहिक सुट्टी बघून गेले, कारण तू असतास तर मला चहा पाजून परत पाठवलं असतंस.

गेटवर तिघं होते. खाकी कपडे सारखेच, पण दोघांच्या दंडावर निळा कापडी बिल्ला आणि एकाच्या दंडावर हिरवा. मी सहज विचारलं, हा वेगळा का? हिरवावाला पाय हलवत उभा राहिला. निळ्यातला एक हसून म्हणाला, "बाई, निळा म्हणजे सरळ माणूस. हिरवा म्हणजे लफडं. काही झालं की राजीनामा लिहून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर हिरव्यात उभं करतात. कंपनी दुसरी, मालक तोच. कपडे तेच ठेवतात, नुसता बिल्ला देतात. म्हणतात, घरी शिवून घ्या." हिरवावाला त्याला म्हणाला, "गप की जरा." मग तोही हसला. त्यांच्यात ती रोजची थट्टा असावी.

मी हसले नाही. मला आईचा फोन आठवला. उन्हाळ्याच्या आधी तिने किती आनंदाने सांगितलं होतं, "अगं, त्याला बढती मिळाली. निळा बिल्ला काढून हिरवा दिलाय. मी दुपारभर बसून शिवला, दुहेरी दोऱ्याने, सुटायला नको म्हणून." मी म्हटलं होतं, पेढे कुठायत?

धाकट्या, तू तिला बढती म्हणून सांगितलंस.

तिथून घरी येईपर्यंत मी मनाला समजावत होते की तुझं काहीतरी किरकोळ असेल. कुणाशी बाचाबाची झाली असेल, एखाद्या बड्या माणसाची गाडी तू अडवली असशील. तुझं तोंड चालतं हे जगाला माहीत आहे. मग मी त्या दवाखान्याच्या तक्रारी पुन्हा काढल्या. उन्हाळ्याच्या आधीची एकच होती. तक्रार करणारा न्हावी आहे. त्याचं दुकान आमच्या बसथांब्याच्या मागच्या गल्लीत आहे, इतकं जवळ.

मी गेले. दुकानात एक खुर्ची, एक आरसा. तो भिंतीशी स्टुलावर बसला होता आणि गिऱ्हाईकाची दाढी त्याचा मेहुणा करत होता. मी कुठून आले ते सांगितलं, तर म्हणाला, "आता कशाला? ते तर नोकरीत नाहीत म्हणून लिहून आलं ना." मग हळूहळू बोलला. त्याची बायको वरच्या वॉर्डात होती. तिला दवाखान्याचं जेवण जात नव्हतं, म्हणून तो दुकान बंद करून डबा घेऊन आला. भेटीची वेळ नुकतीच संपली होती. त्याने लहान फाटकाचा गज धरला आणि विनंती केली. त्याची बोटं फटीत असतानाच रक्षकाने फाटक लावलं.

"चुकून लागलं असेल," मी म्हणाले. बघ, मी काय बोलले. चौकशीला गेलेली बाई मी.

तो म्हणाला, "पहिल्यांदा चुकूनच लागलं, बाई. मी ओरडलो. मग त्यानं दाबून धरलं. शिवी नाही दिली हां. 'काका, एकदा सांगितलं की ऐकायचं,' एवढंच म्हणाला, लहान पोराला सांगावं तसं. नाव नाही माहीत. गेटवर सगळे त्याला मास्तर म्हणत होते, रांगा लावतो म्हणून."

उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत त्याची. कात्री धरता येत नाही. बायको बरी होऊन घरी आली आणि आता तीच त्याच्या शर्टाची बटणं लावते. हे त्याने मला हसत सांगितलं, म्हणजे मीच अवघडून जाऊ नये म्हणून.

मास्तर. आमच्या घरी जेवताना तूच सांगितलं होतंस ना ते नाव? भेटायला आलेल्यांना शाळेतल्या पोरांसारखं कसं उभं करतोस, कोण कसा गयावया करतो, याची नक्कल केली होतीस. आम्ही पोट धरून हसलो होतो. तुझी भाची तर घास अडकेपर्यंत हसली. त्या गयावया करणाऱ्यांत हा होता का, हे मला तुला विचारायचंही धाडस होत नाही.

मला तुझी बाजू कळत नाही असं समजू नकोस. सलग दोन पाळ्या उभं करतात, वेळेनंतर एक माणूस वर गेला तर तुमचा खाडा मांडतात, वरून भेटायला येणाऱ्यांच्या शिव्या तुम्हीच खायच्या. हे सगळं मी अहवालासोबतच्या माझ्या जबाबात लिहिलं आहे. पण खाड्याच्या भीतीने माणूस फाटक लावतो. दाबून धरायला कुणी सांगितलं होतं? मला तुझा इतका राग आला आहे की लिहिताना पेन कागदात रुततंय, आणि तितकीच तुझी काळजी वाटते. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून पुढचंही सांगते. मी लगेच काही केलं नाही. अहवाल तसाच पडू दिला. साहेब रोज विचारत, "झालं का?" मग एकदा दार लावून घेऊन म्हणाले, "तुम्ही फक्त कागदावर आहे तेवढं लिहा. खोटं लिहा असं मी म्हणतच नाही." आणि खरंच, मला एकही खोटा शब्द लिहावा लागला नसता. कागद स्वच्छ होते. तू सुपरवायझर झाला असतास, आईने आणखी एक बिल्ला शिवला असता, आणि झाकली मूठ झाकलेली राहिली असती. मला ते हवं होतं रे. मी सहीपर्यंत आले होते.

पण मग शहरातले सगळे सरकारी दवाखाने तुमच्या कंपनीकडे गेले असते. तिथे येणाऱ्या माणसाला दुसरा दवाखाना परवडत नाही. तो गज धरणारच.

आज सकाळी मी अहवाल दिला. या कंपनीला कंत्राट देऊ नये, असं लिहिलं. बिल्ल्यांचा प्रकार लिहिला, न्हाव्याचा जबाब जोडला. त्यावर शेवटची सही माझी नसावी, दुसऱ्या कुणीतरी सगळं पुन्हा तपासावं, असंही लिहिलं, कारण मास्तर कोण हे मला कसं कळलं ते सांगणं भाग होतं. साहेब वाचत असताना त्यांच्या हातातला चहा गार झाला. म्हणाले, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई. भावाचं नाव तरी गाळायचं." मी म्हटलं, बाकीच्यांची लिहून त्याचं गाळलं तर मग तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? असं वर तोंड करून बोलले खरी, पण बाहेर येऊन जिन्यात बसले. काका पाणी घेऊन आले.

तुला या आठवड्यात चौकशीचं बोलावणं येईल. कंपनी तुला आधीच गाठेल आणि म्हणेल, तू आमचा नाहीसच. त्यांचा कागद तयारच आहे. तेव्हा वेड्यासारखं गप्प राहू नकोस. राजीनामा कुणी लिहून घेतला, बिल्ला कुणी हातात दिला, ते सांग. आणि फाटकाचंही सांग. "चुकून" म्हणू नकोस. मी ते आधीच म्हणून बघितलं आहे, त्या माणसाच्या तोंडावर टिकत नाही. नोकरी जाईल. कदाचित आणखीही काही होईल, त्याबद्दल मी तुला खोटा धीर देणार नाही. वकील मी बघते.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस. रविवारी मी येते आहे. तोवर सांगितलं नसलंस तर तुझ्यादेखत मी सांगेन. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसून राहीन. शेजारी विचारतील तर विचारू देत.

माझ्या जबाबाच्या कागदावर एक रकाना होता, आरोप असलेल्या व्यक्तीशी नातं. तिथे नुसतं "नातेवाईक" लिहिलं तरी चालतं, असं कारकून म्हणाला. मी पूर्ण लिहिलं. ते खोडायला कुणी सांगितलं तरी मी खोडणार नाही.

तुझी सख्खी,
ताई