कॅम्पर काहून तापते?

२४ एप्रिल, गुरुवार

पुन्हा तापली! कळमेश्वर यायच्या आतच तेलाचा लाल दिवा लागला. बाबांच्या या कॅम्परचं, आत झोपायची सोय असलेल्या जुन्या व्हॅनचं, इंजिन मागे, आणि त्याला पाणी लागत नाही, नुसती हवा. आता नागपुरातली एप्रिलची हवा ती! तासभर बाभळीखाली बसले. टरबूजवाला म्हणे, "मॅडम, रेडिएटरमंधी पाणी टाका ना." रेडिएटरच नाही म्हटल्यावर माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

दहा दिवस उरलेत. ४ तारखेला पुण्याहून गौरांग नावाचा मुलगा येणार, रामटेकपर्यंत चालवून बघणार, पसंत पडली तर घेऊन जाणार. गाडी गेली की घर आवरायचं आणि आईला माझ्याकडे बंगळूरला न्यायचं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, इथे एकटी काय करणार ती? "तू म्हणशील तसं," म्हणते. बिचारी कशालाच नाही म्हणत नाही.

२५ एप्रिल

नाक्यावरच्या गॅरेजमधून ओमप्रकाशजी आले. तेल बघितलं, टायमिंग लावलं. "असं इंजिन मी पयल्यांदाच पाहून राहिलो," हे सांगितलं काम संपल्यावर!

आई दारातून — "फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाह्य वं, फार ढिला नाही ना?" बाबांचं ऐकून ऐकून पाठ झालंय तिला. गंमत वाटली.

२६ एप्रिल

तापली.

२८ एप्रिल

नवा पट्टा लावला. तापली! बाबांची वही शोधतेय — गाडीची बारीकसारीक दुरुस्ती त्यात लिहिलेली असायची. आईला विचारलं. "असंल कुठंतरी. पन्हं घे आधी." मी हात टेकून परत आले की हिचं पन्हं तयार! आणि चेहरा असा खुललेला, की मलाच राग येतो.

२९ एप्रिल

इंजिन तापलं की खसचा वास येतो. ओमप्रकाशजी म्हणतात, "घरच्या कूलरचा वास नाकात बसला असंन तुमच्या." असेल.

१ मे

सापडलं!!!

वास घरच्या कूलरचा नव्हताच. मागच्या कोपऱ्यातल्या जाळ्या, जिथून इंजिनाला हवा जाते, त्या आज खोलल्या. आत दोन्हीकडे खस! नीट कापून, हिरव्या जाळीत शिवून, घट्ट बसवलेली. वर ओली! बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं.

आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. "अवं, आपल्या कूलरले लावतो तशीच लावली. बिचारीच्या पोटात गरम हवा जाऊन राहिली होती ना! रोज सकाळी पाणी शिंपडत होती मी."

ओमप्रकाशजी खालीच बसले. "काकू, हे इंजिन हाय, तुमची बैठक नाही! हिले हवाच भेटून नाही राहिली, म्हणून तापून राहिली न!" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. आईही हसली. एकाहत्तराव्या वर्षी गाडीला कूलर बसवणारी बाई! ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला.

२ मे

खस काढून रामटेकला जाऊन आलो. लाल दिवा लागला नाही! इंजिन असं चालतंय की बाबा खूश झाले असते. आई शेजारी बसली होती. गड दिसला तशी तिने डोळे मिटून घेतले. ऊन लागलं असेल.

३ मे

गाडी रिकामी करताना वही मिळाली. टपाखालच्या कप्प्यात, जुन्या चादरीच्या घडीत.

बाबांचं एकही अक्षर नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं आईच्या हातचं — तेल कधी बदललं, पट्टा किती ढिला ठेवायचा, सगळं. आणि हे:

"मे १९९१, रामटेक. नूपुरने मागच्या जाळीत बाहुलीची गोधडी कोंबली. इंजिन फार तापले. जाळी कधीही झाकू नये."

पाच वर्षांची होते मी.

बंगळूरला यायचं का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही.

गौरांगला फोन केला. म्हटलं, उद्या येऊ नका. इंजिन फार तापतंय.