झाकण सपाट राहणार

४ सप्टेंबर २००४, शनिवार
संकल्प. एक: झाकणाचा प्रश्न महिन्यात सोडवणे. दोन: रोज पहाटे महबूल्याच्या समुद्रावर चालणे. तीन: उल्काशी वाद न घालणे.
आज चाललो नाही, हवा दमट.
आमच्या आईसबॉक्सची झाकणं साच्यातून निघाली की वाकतात. मॅनेजर कमालसाहेब म्हणाले, तुमचं काँट्रॅक्ट ऑक्टोबरअखेर संपतंय, झाकण सपाट करा, रिन्युअलवर सही करतो. उल्का म्हणाली, नाही जमलं तर अकामा, म्हणजे आखातात राहायचा परवानाच जाईल आणि आपल्या शर्वरीची दहावी मधेच मोडेल. बायको आहे, काळजी करणारच. अठरा वर्षं पॉलिमर कोळून प्यायलोय मी.

८ सप्टेंबर, बुधवार
कारण सापडलं. प्लॅस्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब दोरे. निवताना त्यांच्या घड्या पडून स्फटिक होतात. ते घाईघाईने आणि कमीजास्त झाले की झाकण वाकतं. तेव्हा घाई होऊच द्यायची नाही. मायक्रोस्कोपखाली काचेवर दोन ग्रेडचे दोन दाणे वितळवून निववले. जास्त मॉलेक्युलर वेटचा, म्हणजे जास्त लांब दोऱ्यांचा माल किती आळशी. अर्धा तास कौतुकाने बघत बसलो. तोच मागवायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

११ सप्टेंबर
नऊ पानी रिपोर्ट दिला. मशीनवरचा ऑपरेटर तुळशीदास (देवगडकडचा, राहतो जलीबला) म्हणाला की साहेब, काचेर माल गप बसान रवता, साच्यात तो धावता, आधी एक गोणी चालवून बघूया. मी समजावलं की शास्त्र गोणीवर चालत नाही. त्याने मान डोलावली. पटलं असावं.
अख्खा कंटेनर मागवला.

२ ऑक्टोबर
माल पोचला. घरी सगळं समजावून सांगितलं. शर्वरीने इंग्रजीत विचारलं की हे मशीनमध्ये टेस्ट केलंय का. लहान आहे अजून. चालणं थंडीत सुरू करू.

५ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११
ट्रायल. पहिलं झाकण पूर्वीपेक्षा जास्त वाकलं. दुसरं भाजलेल्या पापडासारखं. साचा जुना आहे.
दुपारी ३
माल साच्यात जास्त जोरात सोडायला लावला, म्हणजे निवायच्या आत भरेल. तुळशीदास नको म्हणत होता. आणखी वाकलं. तुळशीदासचं लक्ष नव्हतं.

९ ऑक्टोबर
कॉलेजचं पुस्तक काढलं. प्रवाहावरचं प्रकरण आम्हाला ऑप्शनला होतं. वितळलेला माल वेगाने वाहिला की दोरे ओढले जाऊन ताठ होतात, आणि ताठ दोऱ्यांचे स्फटिक झटपट होतात, तेही वाहण्याच्या दिशेने. जितका दोरा लांब तितका तो जास्त वेळ ताठ राहतो. म्हणजे आळशी म्हणून आणलेलेच सगळ्यांच्या आधी उठले, आणि झाकण एका दिशेने जास्त आकसलं.
माझी थिअरी चुकली असं मात्र नाही. अर्धी होती. अर्धी बरोबर असलेल्या माणसाला कोणी काढत नाही.

१२ ऑक्टोबर
तुळशीदासने जुनाच माल घेतला, जरा जास्त गरम केला, साच्यात सावकाश सोडला. झाकण टेबलावर ठेवलं तर खाली कागद सरकेना. कमालसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. मला म्हणाले, याची पद्धत इंग्रजीत नीट लिहून द्या. दिली. वर चार पानं माझं शास्त्र जोडलं. साहेबांनी तेवढी काढून ठेवली. सवडीने वाचणार असतील.

१४ ऑक्टोबर, गुरुवार
सही होणार नाही, असं साहेबांनी दारातच सांगितलं.
उल्काला कसं सांगायचं याचे गाडीत मुद्दे काढले होते. साचा, हवा, प्रकरण ऑप्शनला. तिने ऐकून घेतलं. चिडली नाही. मला फार वाईट वाटतंय असं मी म्हटलं, ते खरं होतं. मग तिने कपाटातून नाशिकच्या शाळेचं पत्र काढून दिलं. पुढच्या जूनला दहावीत प्रवेश. एक वर्ष जाईल, पण सोय झाली, म्हणाली. शर्वरीला माहीत आहे.
पत्रावरची तारीख १३ सप्टेंबर. कंटेनर तेव्हा निघालाही नव्हता.
आणि महिनाभर दोघी रोज जेवताना मला विचारत होत्या, झाकणाचं कुठवर आलं.