जंगलाच्या पडद्यावरचं नाव

आई,

काल राजापूरकडच्या त्या गावात तुझा जंगलाचा पडदा पाहिला आणि मी चारचौघांत ओरडलेच. अगो, रंग अजून तस्सा आहे! उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय, तेवढंच. देवळाच्या उत्सवात नाटकामागे आता छापील फ्लेक्स लावतात, पण यंदा तिथल्या नाट्यमंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी जुने पडदे पेटाऱ्यातून काढले आणि पेंटर म्हणून बाबांचा सत्कार ठेवला. मी बाबांना घेऊन गेले होते. तू गेल्याला नऊ वर्षं झाली, तरी असलं काही घडलं की आधी तुलाच सांगावंसं वाटतं. म्हणून ही वही घेऊन बसले.

अठ्ठ्याण्णव साल, मे महिना, मी नववीत जाणार आहे. सुट्टीतल्या रिकाम्या शाळेच्या हॉलमध्ये वीस फूट मांजरपाट अंथरलाय, रंगात घालायचा सरस उकळल्याचा वास नाकात बसलाय, आणि तू साडी वर खोचून, लांब काठीला ब्रश बांधून अनवाणी कापडावर उभी आहेस. बाबा जयगडला दुकानांच्या पाट्या रंगवायला गेलेत. नाटकाचे दिग्दर्शक बघायला आले आणि दंडकारण्यात फणस कसा म्हणून तुझ्यावर उखडले. तू काठी खाली न ठेवता म्हणालीस, "राम ह्या वाटेने गेला नाही, असं कुठे लिहिलंय का?" मी फिदीफिदी हसले, तर ते गेल्यावर तू मलाच झापलंस, मोठ्या माणसांना असं हसतात का म्हणून. फणस मात्र राहिला.

पडदा वाळल्यावर तू मला बोलावलंस. माझं अक्षर वळणदार, म्हणून खाली कोपऱ्यात बाबांचं नाव घालायला सांगितलंस. मी म्हटलं, बाबांनी तर याला हातही लावला नाही. तू म्हणालीस, "माझं नाव बघून उद्या कोण काम देणार गो? आणि मोठं काढ, शेवटच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे." मी काढलं. छान काढलं, आई. तू खूश होऊन तुझा सगळ्यात बारीक ब्रश मला देऊन टाकलास, आणि मी तो दप्तरात घालून आठवडाभर मिरवला.

आता मी सावर्ड्याला चित्रकला शिकवते. पुस्तकांत वाचते आणि पोरींना सांगते, की परदेशात कितीतरी बायकांची चित्रं शेकडो वर्षं बापाच्या, नवऱ्याच्या, गुरूच्या नावावर खपली. कुठे कुणी चित्र साफ करायला घेतलं आणि खालून बाईची सही निघाली. सांगताना माझा आवाज असा चढतो की शेजारच्या वर्गातले सर डोकावतात. पण तुझी गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. कशी सांगू? तुझ्या पडद्यावरची खोटी सही माझ्याच अक्षरातली.

म्हणून काल एसटीत मी बाबांना सरळ म्हटलं, आज तुम्ही खरं सांगा, नाहीतर मी सांगेन. देवळात त्यांना शाल घातली, नारळ दिला, माइक दिला. बाबा खाकरले आणि म्हणाले, "ही शाल माझी नव्हे. जंगल हिच्या आईने रंगवलंय. मी नुसत्या टांगायच्या दोऱ्या बांधल्या." आई गो, काय टाळ्या पडल्या! मी तर रडत होते आणि हसतही होते. मंडळाचे सेक्रेटरी धावत जाऊन रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन आले, म्हणाले, ताई, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा.

बाबांच्या नावावर मी हिरवा रंग फिरवला, अगदी मजेत. तो वाळल्यावर पांढऱ्यात ब्रश बुडवून रेशनकार्डावरचं तुझं नाव काढायला बसले, तर बाबा वाकून हळूच म्हणाले, "ते लग्नात आमच्या घरच्यांनी ठेवलेलं. तिला कधी आवडलं नाही. माहेरचं घाल." मी म्हटलं, कोणतं? बाबांना आठवेना. लग्नपत्रिकेवर एकदा वाचलेलं, म्हणाले, पुढे आमच्याकडे कुणी त्या नावाने हाक मारलीच नाही, माहेरीही सगळे 'बाय'च म्हणायचे. आजी नाही, मामाही गेला, विचारणार कुणाला? माणसं खोळंबली होती. परदेशातल्या बायकांची नावं वर्गात धडाधडा सांगणारी मी, ब्रश हातात धरून नुसती बसले. शेवटी ती जागा तशीच हिरवी ठेवून आले. तुझं नाव मला माहीत नाही, आई. मी कधी विचारलंच नाही.