उजवी दाढ

३ नोव्हेंबर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा तसाच आहे आणि जेवणातले नखरेही तसेच. पुढच्या आठवड्यात तू येतोयस म्हटल्यावर त्यांनी आज दाढी केली. आतापासूनच! उद्या परत करतील.

माझं म्हणशील तर नवी नोकरी ठीक आहे. तू विकतोस तेच सॉफ्टवेअर, तेव्हा तुला मी काय सांगणार? डॉक्टर पेशंटच्या तोंडात स्कॅनर फिरवतात, स्क्रीनवर दात आयता तयार होतो, मी बघते आणि 'ठीक' दाबते. पुढचं कोरायचं काम मशीनचं. उगाच नावं कशाला ठेवू, दात चांगले असतात. आपल्याकडून हाताने दात करून घेणारे डॉक्टर एकेक करून तिकडे गेले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. बाबांच्या दुकानाला कुलूप लावताना रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. भाजी घेतली आणि घरी आले.

आता मुद्द्याचं. बाबांना तुमचं मशीनवर दात कोरायचं सेंटर दाखवायला नेईन म्हणतोयस, ते नको. दुकान बंद झालंय हे त्यांना ठाऊक नाही.

लगेच फोन उचलू नकोस, आधी वाच. गुडघ्यामुळे ते घरीच खिडकीपाशी बसून काम करतात, हे तू पाहिलंयस. काम मी आणून देते. दुकानातल्या फळीवर प्लास्टरचे जुने जबडे पडले होते. त्यातला एक घ्यायचा, एखादा दात घासून काढायचा आणि नवीन पेशंट म्हणून पुढे ठेवायचा. ते मेणाचा दात कोरतात, मी पिशवीत घालून नेते. कुठे नेते ते विचारू नकोस. कपाटात आहेत सगळे.

गेल्या आठवड्यात जबडे संपले. मग मी माझ्याच तोंडाचा साचा घेतला, त्यातली उजवी दाढ घासून काढली आणि दिला त्यांना. म्हटलं, शाळेतल्या एक बाई आहेत, घाई आहे त्यांना.

बाबांनी तो बराच वेळ उजेडात धरला. दातांवरून बोट फिरवलं.

"ह्या बाई झोपेत दात खातात गं," म्हणाले. "दात झिजलेत. हे आत्ताआत्ताच सुरू झालंय."

"असेल," मी म्हटलं.

"पूर्वी नव्हतं." मग मेण हातात घेतलं, चष्मा पुसला. "त्यांना म्हणावं, मनात काही असेल तर घरी सांगून टाका. घरचे काही मोडून पडत नाहीत."

मी "बरं, सांगते" म्हणून कुकर लावायला गेले. संध्याकाळी त्यांनी दाढ हातावर ठेवली. मी ती आरशासमोर नुसती गालाला लावून पाहिली. अगदी माझी होती रे.

त्यानंतर त्यांनी नवीन काम मागितलेलं नाही. रोज खिडकीपाशी बसतात आणि मी घरात आले की माझ्याकडे बघतात.

वर सेंटर नको म्हटलंय ते खोडत नाही, पण आता त्याचा उपयोग नाही. दुकानाचं त्यांना सांगणार मीच. एकटीने तोंड उघडवत नाही, म्हणून तू ये आणि माझ्या शेजारी नुसता बस.

तुझी,
झोपेत दात खाणारी
ताई