टोरीच्या तेलाचा डिफरेन्शियल

बाबा, गेल्या आठवड्यात टोरीच्या तेलाची बाटली खिडकीत ठेवली होती, ती बघत मी बराच वेळ नुसती उभी राहिले. मोहाच्या बियांचं ते तेल सकाळी तुपासारखं थिजलेलं होतं, दुपारी ऊन आलं तसं पाणी झालं. आपल्या आलापल्लीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तुमच्या मुलीला तेवढं सुचलं नाही. आता सुचलंय, तर त्याचं काय करायचं ते कळत नाही.

परीक्षेच्या प्रदर्शनासाठी मी ती रिमोटची गाडी बनवली होती. पुढची चाकंच ओढायची आणि तीच वळायची, म्हणून सगळा घोळ डिफरेन्शियलचा, म्हणजे वळताना दोन चाकांना कमीजास्त फिरू देणाऱ्या गिअरांचा. मोकळा ठेवला की वळणावर आतलं चाक हलकं होऊन धुळीत नुसतं गरगरायचं. तारेनं गच्च बांधला की दोन्ही चाकं सारखी फिरायची आणि गाडी वळायचं नावच घेत नव्हती. तुम्ही डेपोतल्या सागवानाच्या ट्रकांचे मिस्त्री. अंगणात बसून चहा पिता पिता म्हणालात, "मोकळाच ठेव. एक चाक फिरलं तं उतरून ढकलता येते. वळलीच नाई तं सिधी झाडावर जाते." मी चिडले. माझ्या एवढ्याशा गाडीतून उतरणार कोण, असं उलट बोलले. मग तुमच्याकडे ग्रीस मागायचं नाही या हट्टानं सकाळी आईच्या बाटलीतलं थिजलेलं तेल काडीनं काढून गिअरच्या डबीत भरलं, म्हणजे ना पुरता मोकळा, ना गच्च. तुम्ही बघत होतात. हसलात आणि कामावर गेलात. त्या थंडीत गाडी अशी सुरेख वळली की मी दिवसभर हवेत होते.

चंद्रपुरात प्रदर्शन होतं भर दुपारी, पत्र्याखाली. चाक पुन्हा गरगरायला लागलं. परीक्षक वाकून बघतायत, कारण विचारतायत, आणि मला दिसतात फक्त तुम्ही, इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभे. मी म्हणाले की घरी बाबांनी उघडून तेल काढलं असेल, त्यांना मोकळाच हवा होता. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. "मीच उघडला होता जी, साहेब," म्हणालात. इतक्या वर्षांच्या मिस्त्रीनं चार लोकांत आपल्याच हाताला बोल लावला. मी पास झाले.

पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट मी हसत सांगितली, आमचे बाबा कसे हट्टी होते म्हणून. आता डोकं चालत नाही. तेल वितळणार हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तर नुसते हसलात काऊन? की मी स्वतः शिकावं म्हणून थांबलात? आणि शिकले नाही, तेव्हा ते स्वतःवर घेतलंत? का खरंच उघडला होतात तुम्ही? बसमध्ये परत येताना तुम्ही शेंगदाणे सोलून माझ्या हातावर ठेवत होतात, हे आठवलं की हा शेवटचा प्रश्न विचारायचीही लाज वाटते.

तुम्ही नाही, आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? डब्यात ठेवते. एवढंच सांगायचं होतं की तुम्ही "मीच उघडला" म्हणालात, त्या क्षणी मला वाईट वाटलं नव्हतं, बाबा. सुटल्यासारखं वाटलं होतं.